कोपीत जन्मलेल्या भाचीचा जन्मदाखला

30 सप्टेंबर 2025 ला माझ्या भाचीचा जन्मदाखला हातात आला. त्या दिवशी ती आठ वर्षं दहा महिन्यांची होती. पहिला अर्ज दिला होता 16 डिसेंबर 2024 ला. मधल्या साडेनऊ महिन्यांत जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात अशी लेकरं घरटी सापडतील.

सुरुवात शाळेतून झाली. ताई-दाजी ऊसतोडीला गेलेले, भाची गावात माझ्या आईजवळ. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींचा मला अंबाजोगाईला फोन आला. पोरीचं आधार नाही, ऑनलाइन पटावर नाव अडकतंय, जन्मदाखला आणा. मी म्हटलं आणतो की, दोन दिवसांचं काम.

गावच्या ग्रामसेवकांनी (आता हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) 2016 ची नोंदवही काढून बोट फिरवलं. नोंद नाही. असणार कशी? पोरगी गावात झालीच नव्हती. ती झाली मांजरेच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात, एका कारखान्याच्या तळावर, कोपीत. पाचट आणि ताडपत्रीची कोपी.

ते साल नोटबंदीचं. 8 नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या तेव्हा ताईला नववा लागला होता. टोळी नेणाऱ्या मुकादमाने खर्चीला दिलेल्या सगळ्या नोटा जुन्या पाचशेच्या. सरकारी दवाखान्यात त्या नोटा तेव्हा चालत होत्या, पण दवाखान्यापर्यंत नेणारा जीपवाला घेईना. त्याची तरी काय चूक, त्याच्याकडून पुढे कोण घेणार होतं? शेजारच्या कोपीतल्या मावशीने नाळ कापली. पाच-सहा दिवसांनी ताई मोळ्या बांधायला परत फडात. नोंद करायची असते हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कायदा सांगतो की जन्म 21 दिवसांत नोंदवावा. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आधी हे काम कोर्टात व्हायचं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ते जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलमध्ये आलं. आणि नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथेच. ज्यांचं सगळं एकाच गावात होतं त्यांना ही अट जाणवतही नाही. आमच्यासाठी तिचा अर्थ एवढाच की दर फेरीला नव्वद किलोमीटर जायचं आणि नव्वद यायचं.

अजून एक घोळ होता. शाळेत जन्मतारीख 1 जून 2016. मराठवाड्यातल्या कुठल्याही झेडपी शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, निम्मा वर्ग 1 जूनचा निघेल. पहिलीत घालताना सहा पूर्ण दिसावेत म्हणून गुरुजींनी टाकून दिलेली तारीख. पण जूनमध्ये कारखाना बंद असतो. जूनमध्ये जन्मलेलं लेकरू तळावर कसं होईल?

तहसीलसमोरच्या एजंटाने हे माझ्याआधी ओळखलं. टपरीवर चहा पाजून म्हणाला, "कशाला त्या जिल्ह्यात हेलपाटे मारता? शाळेची तारीख हाय ना 1 जून? गावातच जन्म दाखवू. तुमचाच तालुका, तुमचंच पोलीस स्टेशन. सात हजारात काम." खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस विचार केला. आईपण म्हणाली, देऊन टाक. पण प्रतिज्ञापत्रावर सही ताईची होणार होती, माझी नाही. अंगठा सोडून सही करायला ती नुकतीच शिकली होती. खोटं निघालं तर पोलीस तिच्या दारात जाणार. मी नको म्हणालो.

16 डिसेंबरला तिकडच्या तहसीलमध्ये अर्ज दिला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या माणसांनी पुढे मदतही केली आणि मनस्तापही दिला. पहिल्याच दिवशी 500 रुपये पाण्यात गेले. बाँडवाल्याने प्रतिज्ञापत्राला 500 चा मुद्रांक लागतोच म्हणून घ्यायला लावला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही, मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनीही ते जाहीर केलं. साध्या कागदावर करा. कुणी मागितलाच तर कुठल्या आदेशाने, असं विचारा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

जानेवारीत गेलो तर कारकून मान वर न करता म्हणाला, "सगळं थांबलंय."

थांबलं होतं ते मालेगावमुळे. उशिराच्या जन्मनोंदी करून बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिले, असा आरोप किरीट सोमय्यांनी केला होता. तिथे विशेष तपास पथक नेमलं गेलं, तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, आणि राज्यभर असे दाखले देणं सरकारने थांबवून टाकलं. आमचा कागद त्या गठ्ठ्यात सापडला.

त्या दिवसांत आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज हाच विषय. एका चुलतभावाने लिहिलं, "ज्याच्याकडं जन्माचा कागद नाही तो ह्या देशाचा नाहीच. सरळ हाकलून द्या." खाली अंगठेच अंगठे, त्यात दाजींचाही एक. दाजी तेव्हा तळावर होते, रात्री फोन हातात आला की येईल त्याला अंगठा देतात. मी त्यांना फोन करून म्हणालो, तुम्ही स्वतःच्या पोरीला हाकलून दिलंत. ते हसले, मग गप्प झाले.

तपासू नये असं माझं म्हणणं नाही. खोटे दाखले विकणारी टोळी असेल तर पकडायलाच हवी, त्या टोळीचा एक माणूस मला चहा पाजून गेला होता. पण कामासाठी जो फिरतो त्याचे कागद आधी हरवतात. घुसखोर शोधायला टाकलेल्या जाळ्यात पहिला तोच सापडतो, हे मी रांगेत उभा राहून बघितलं.

मार्चमध्ये नवी कार्यपद्धत आली. आता पोलिसांचा अहवाल, पेपरात आणि नोटीस बोर्डावर जाहीर प्रगटन, हरकतींसाठी 15 दिवस, पुराव्यांची छाननी. जुना अर्ज बाद, नव्याने करा. चिडलो, पण एका अर्थाने बरंच झालं. डिसेंबरचा माझा अर्ज खरोखर लेचापेचा होता.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, ताई-दाजी गावी आले, आणि मी पुरावे गोळा करायला लागलो. जमलं तर हे काम मार्गशीर्षात काढूच नका, उन्हाळ्यातच काढा. साक्षीदार, आई-बाप, मुकादम सगळे तेव्हाच एका जागी सापडतात.

सगळ्यात पक्का पुरावा मिळाला अंगणवाडीत. सप्टेंबर 2016 च्या गरोदर मातांच्या यादीत ताईचं नाव होतं, सातवा महिना. एप्रिल 2017 मध्ये पोरीला गावात दिलेल्या पहिल्या लशीची नोंदही. या दोन ओळींनी 1 जून आपोआप खोटा पडला. शिक्का मारून नक्कल दिली, पैसे घेतले नाहीत. अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या वह्या कुणी विचारत नाही. तुम्ही आधी तिथे जा.

मग नाळ कापणारी मावशी. वय सत्तरीच्या आसपास, केज तालुक्यातली. तारीख विचारली तर म्हणाली, "तारीख कशाची रं बापू. कार्तिकातली, आळंदीची एकादशी झाली, त्येच्या दुसऱ्या दिवशी मी उपास सोडला, आन् तिसऱ्या दिवशी पाटंचं ह्ये लेकरू." मी फोनवर 2016 चं पंचांग काढलं. कार्तिक वद्य एकादशी 25 नोव्हेंबर, शुक्रवार. म्हणजे पोरगी 27 नोव्हेंबरची, रविवारची. ताईला वार आठवत होता, तारीख नव्हती. तिनेही रविवारच सांगितला होता.

राहिला मुकादम. त्याच्याकडे जायला दाजी तयार नव्हते. उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे, काही हजार अजून फिरायचे होते. मी एकटा गेलो. त्याने पत्र्याच्या पेटीतून वहीचा गठ्ठा काढला. दर हंगामाची वेगळी वही, लाल कापडी बांधणीची. बँकेलाही लाजवेल अशी व्यवस्था. 2016-17 च्या वहीत दाजींच्या कोयत्याचं पान निघालं. (नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी.) त्यात निळ्या शाईने लिहिलेलं: "27 ते 2, बाई बाळंत, 6 खाडे, 3000."

खाडा म्हणजे गैरहजेरी, दिवसाला 500 दंड. ताईने पोरीला जन्म दिला त्याचे 3,000 रुपये त्याने उचलीत वाढवले होते. आणि आठ वर्षांनी त्या पोरीचा जन्म कुठल्या दिवशी झाला हे सांगणारा अख्ख्या महाराष्ट्रातला एकमेव लेखी कागद तोच होता.

मुकादम घाबरला. "हे कोर्टात-बिर्टात लावताल." म्हटलं, फक्त तारीख पाहिजे. शेवटी उचलीच्या रकान्यावर त्याने स्वतःचा पंजा ठेवला आणि म्हणाला, "काढ आता फोटो." त्या फोटोत त्याची चार बोटं आणि एक अंगठी आहे. तोच फोटो शासनदरबारी जमा आहे.

19 मे ला दुसरा अर्ज गेला. सोबत तळाच्या गावातल्या आणि आमच्या गावातल्या, दोन्ही ग्रामपंचायतींचे "नोंद आढळत नाही" असे दाखले (एकाच गावचा देऊ नका, परत पाठवतात), अंगणवाडीच्या नकला, ताई, दाजी आणि मावशी यांची प्रतिज्ञापत्रं, वहीचा फोटो, शाळेचा बोनाफाइड, आणि शाळेत 1 जून का लागला याचं गुरुजींचं पत्र. हे पत्र गुरुजींनी दिलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. स्वतःची चूक कागदावर कबूल करणारा मास्तर मी पहिल्यांदा पाहिला.

शिवाय आई-बाप दोघांची ओळख. दोघांची का, हे मी कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, वरून आलंय. नंतर मी वाचलं. आपल्याकडे 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्याचं नागरिकत्व नुसतं इथे जन्मल्याने मिळत नाही. आई-बापांपैकी एक भारतीय लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. जन्मदाखला म्हणजे नागरिकत्वाचा दाखला नव्हे, पण सगळ्यांची नजर त्या चष्म्यातूनच जाते. ताईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवरचं तिसरंच स्पेलिंग, यासाठी अजून एक प्रतिज्ञापत्र झालं.

त्या रांगेत माझ्या पुढे एक मुस्लिम आजोबा होते, त्याच तालुक्यातले, नातवाच्या दाखल्यासाठी आलेले. त्यांनी आजाच्या जमिनीचा उर्दू कागद आणला होता, फसली 1352 चा, म्हणजे 1942-43 चा. खिडकीतून कागद परत आला. भाषांतर करून आणा. आजोबा तिथेच उभे राहून शांतपणे मला म्हणाले, "दोन वर्षांमागं कुणबीच्या नोंदीसाठी हेच निजामाचे उर्दू कागद वाचायला मलाच बोलवून नेत होते. गावात मी किती जणांचे वाचून दिले." हे खरं आहे. 2023 च्या त्या हिवाळ्यात आमच्याही गावाने उर्दू वाचणारा शोधत पंचक्रोशी पालथी घातली होती. मला काय बोलावं सुचलं नाही. माझा कागद मराठीत होता, तो आत गेला.

24 जूनला पोलिसांनी ताई-दाजींना बोलावलं. पेरणी तोंडावर, पाऊस लागलेला. एसटीत ताईला अर्धं तिकीट, आम्हा दोघांना पूर्ण. स्टेशनच्या बाकावर आमच्याआधी एक पोरगा बसला होता, पंचविशीचा, फरशी बसवणारा. ठेकेदाराने कामगारांची माहिती द्यायला आणून सोडलेला. जवळ प्लास्टिकच्या पिशवीत आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला, बापाच्या जमिनीची नक्कल, सगळं. आमच्यापेक्षा जास्त. हवालदाराने विचारलं, कुठला? "मालदा का साहब। इंडिया का मालदा।" इंडिया का, हे त्याने न विचारता जोडलं.

त्याच महिन्यात मुंबईकडे पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकललं होतं आणि भारतीय निघाले म्हणून परत आणावं लागलं होतं. पोराला ते माहीत होतं. बोलता बोलता म्हणाला की ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे पैसे अडकलेत. मी म्हटलं, मग तक्रार कर, स्टेशनातच तर बसलायस. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुरांसाठी तेव्हा 1979 चा कायदा होता, ठेकेदाराने त्यांची नोंद ठेवायची, पैसे वेळेवर द्यायचे. हे मी त्याला सांगितलं नाही. जो माणूस आपण इथलेच आहोत हे अजून सिद्ध करतोय, तो मजुरीचा हक्क कुठल्या तोंडाने मागणार? दाजीही मध्ये पडले नाहीत. खाड्याच्या 3,000 बद्दल ते तरी कुणापुढे बोलले होते? आणि आमच्यासारखे जिल्हा ओलांडून जाणारे त्या कायद्यात बसतही नव्हते, तो राज्य ओलांडणाऱ्यांचा.

मग आमची पाळी. ताईने तोंड उघडलं, "आमी धारूरकडले, साहेब," आणि हवालदार हसून म्हणाला, "बास, बोली ऐकली की कळतंय. बीडच्या बाईला काय विचारायचं." वीस मिनिटांत जबाब झाला. बाहेर आलो तेव्हा तो पोरगा तिथेच बसून होता, पिशवी मांडीवर.

जुलैत पंचनाम्याला तलाठी आणि कोतवालाबरोबर तळावर गेलो. तिथे काही नव्हतं. कारखान्यामागचं मोकळं रान, हातभर गवत, चुलीचे काळे दगड. तलाठी म्हणाले, "नेमकी जागा कोणती?" ताई दहा पावलं इकडे, दहा तिकडे फिरली आणि एका बाभळीजवळ थांबली. मला खात्री आहे तिला नक्की आठवत नव्हतं. तलाठ्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी लिहिलं, "अर्जदार महिलेने जागा दाखवली."

पेपरातल्या प्रगटनाला 1,500 रुपये लागले. छोट्या जिल्हा दैनिकात द्या, मोठ्यात चौपट सांगतात. अंक दोन घ्या, एक पान नाही तर अख्खा अंक जोडावा लागतो. 15 दिवसांत कुणाचीही हरकत आली नाही. येणार कोणाची?

सुनावणी 26 ऑगस्टला. अधिकारी तरुण होते, फाइल वाचून आले होते, हे विशेष. वहीचा फोटो बघून विचारलं, "हा हात कुणाचा?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. मग ताईला म्हणाले, "दवाखान्यात का नेलं नाही?" ताई म्हणाली, "नोटा चालंनात." त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. 12 सप्टेंबरला आदेश झाला.

आदेश घेऊन ग्रामपंचायतीत नोंद करायची, तर त्याच आठवड्यानंतर अतिवृष्टी. धाराशिव आणि बीड दोन्हीकडे पूर, मांजरा दुथडी, रस्ते बंद. सप्टेंबरच्या अखेरीस पाणी ओसरलं तेव्हा गेलो. त्या गावात सोयाबीन काळं पडून उभं होतं आणि ग्रामसेवक पंचनाम्याच्या धावपळीत. माझ्या आदेशाची नोंद करायला त्यांना सांगायचीही लाज वाटत होती. त्यांनी अर्धा तास काढला, पोर्टलवर नोंद टाकली, विलंब शुल्क किरकोळ होतं ते घेतलं. स्पेलिंग तिथेच बसून तपासा. माझ्यासमोर ताईच्या नावात एक ए जास्तीचा पडत होता, तो तिथेच काढला.

खर्चाची वही माझीही होती. दोन्ही अर्ज, फेऱ्या, प्रगटन, मावशीची आणि दुसऱ्या साक्षीदाराची बुडालेली मजुरी धरून 6,840 रुपये. एजंट सात हजारात म्हणत होता. 160 रुपये वाचले.

शाळेत तारीख बदलायला मुख्याध्यापकांमार्फत वेगळा अर्ज लागला, तो मंजूर झाला. आधारची पावती 17 ऑक्टोबरला मिळाली. दाखला लॅमिनेट करू नका, रंगीत झेरॉक्स करा.

दिवाळीनंतर ताई-दाजी पुन्हा गेले, त्याच मुकादमाच्या टोळीत. पोरगी गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवते आणि रात्री माझ्या आईजवळ झोपते. परवा ताईचा तळावरून फोन आला होता. 27 तारखेला पोरीसाठी केक आण म्हणाली, तिला यायला जमणार नाही, खाडा पडतो.